जोडकामाचं शहर

व्हिएन्ना विद्यापीठासमोरचा रुंद रिंग रस्ता ओलांडला, की जुन्या तटबंदीचा शिल्लक राहिलेला एक उंचवटा लागतो. म्योल्कर बास्ताय त्याचं नाव. वर बेथोव्हेन राहत असे ते घर आहे, त्यामुळे इथे येणाऱ्यांच्या माना वर असतात. आम्ही मामा-भाची मात्र त्या घराकडे पाठ करून खालच्या श्रायफोगलगासे या आखूड गल्लीतलं आठ नंबरचं दार न्याहाळत होतो. जुन्या इमारतीचं, खोल चौकटीचं, एरवी कुणाचं लक्षही जाणार नाही असं दार. कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’मध्ये हॅरी लाइम पहिल्यांदा दिसतो तो या दारात. चित्रपट सुरू होऊन तासभर झालेला असतो आणि तोपर्यंत हॅरी मेला, पुरला गेला, असंच सगळे धरून चाललेले असतात. मांजर त्याच्या बुटांशी घुटमळतं, समोरच्या खिडकीत कुणीतरी चिडून दिवा लावतं आणि तो उजेड ऑर्सन वेल्सच्या चेहऱ्यावर पडतो. तो ओशाळत नाही, दचकत नाही. मित्राकडे बघून मिस्कील हसतो.

“मामा, याच्यासाठी तू पुण्याहून आलास?” सईने विचारलं. सई व्हिएन्नात नोकरी करते. डॅन्यूबच्या पलीकडे संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींमध्ये तिचं ऑफिस आहे. मी आलो होतो तिच्याकडे, पण येताना फोनमध्ये चित्रपटातल्या चौकटी साठवून आणल्या होत्या. हे तिला विमानतळावर सांगायचं मी टाळलं होतं.

तिने हा चित्रपट पाहिला नव्हता, म्हणून आधी तिला बुर्ग किनोमध्ये नेलं. रिंग रस्त्यावरच्या या जुन्या थिएटरात तो अजूनही नियमित दाखवला जातो. थोडक्यात गोष्ट अशी. युद्ध नुकतंच संपलंय. हॉली मार्टिन्स हा स्वस्तातल्या काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन लेखक, मित्र हॅरीने बोलावलं म्हणून व्हिएन्नात येतो आणि थेट त्याच्या अंत्यविधीला पोचतो. गाडीखाली सापडून हॅरी गेला म्हणतात. दोन माणसांनी त्याला उचललं, असं साक्षीदार सांगतात. इमारतीचा रखवालदार म्हणतो, तिसराही एक होता. तिसऱ्याचा शोध घेता घेता कळतं, की हॅरी जिवंत आहे आणि लष्करी इस्पितळांतून चोरलेल्या पेनिसिलिनमध्ये भेसळ करून ते विकतो आहे.

कथा ग्रॅहॅम ग्रीनची. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी त्याला फेब्रुवारी १९४८मध्ये इथे पाठवलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रीडचं चित्रण सुरू झालं. तेव्हा व्हिएन्ना अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्यात वाटलेलं होतं. मधला जुना गावठाणाचा भाग चौघांचा सामाईक. त्याचा कारभार दर महिन्याला आळीपाळीने एकाकडे जाई आणि गस्तीच्या एकाच जीपमध्ये चारही देशांचे शिपाई बसत. ही व्यवस्था १९५५पर्यंत चालली. चित्रपटात दिसणारे विटांचे ढिगारे सेटवरचे नाहीत, बॉम्बने पाडलेल्या खऱ्या घरांचे आहेत.

जागा शोधणाऱ्याची पंचाईत इथेच होते. ढिगारे उपसले गेले, घरं पुन्हा उभी राहिली, दुकानांच्या पाट्या तर कधीच बदलल्या. मग ओळख पटवायची कशावरून? माझा अनुभव असा, की रस्त्याच्या चढावर विसंबावं. पायऱ्या कुठे वळतात ते बघावं. दोन छपरांच्या मधून दिसणारा आकाशाचा तुकडा कोणत्या आकाराचा आहे ते बघावं. आणि पुतळ्याचं तोंड कुणीकडे आहे ते, कारण पुतळे सहसा जागा सोडत नाहीत. दिवसाच्या उजेडावर मात्र भरवसा ठेवू नये. छायाचित्रकार रॉबर्ट क्रास्करने रात्रीची दृश्यं टिपताना अग्निशमन दलाकडून रस्ते भिजवून घेतले होते, म्हणून पडद्यावरचा प्रत्येक दगड चकाकतो. आम्ही गेलो तेव्हा ते दगड कोरडे, करडे आणि अगदी सामान्य होते. क्रास्करला त्या कामाबद्दल ऑस्कर मिळालं. ते किती रास्त होतं, हे त्या कोरड्या दगडांवर उभं राहिल्यावर पटलं.

दारातून निसटलेला हॅरी पळत सुटतो. भिंतीवर त्याची अवाढव्य सावली धावते, मागे हॉली धावतो आणि काही सेकंदांत एका मोकळ्या चौकात येतो. चौकात कुणीच नाही. जाहिराती चिकटवायचा एक गोल जाडजूड खांब तेवढा उभा. तो चौक म्हणजे आम होफ. फोनवरची चौकट आणि समोरची इमारत जुळवत आम्ही तिकडे निघालो. उंचवट्यावरून उतरलो, फ्रायुंगचा चौक ओलांडला, स्कॉटिश मठाचं चर्च मागे टाकलं, तेव्हा कुठे आम होफ आलं. रमतगमत सात-आठ मिनिटं सहज लागली.

“म्हणजे हा माणूस एवढा सगळा रस्ता धावला आणि कुणाला दिसला नाही?” सई.

धावलाच नाही. भिंतीवरची ती सावलीसुद्धा वेल्सची नाही. वेल्स यायला उशीर करत होता, म्हणून सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टनला जाड कोट घालून पळवलं होतं. याच हॅमिल्टनने पुढे ‘गोल्डफिंगर’ हा बाँडपट केला. आणि तो खांब? तो चित्रीकरणासाठी आणून उभा केलेला होता. गटारात उतरायचा जिना पोटात लपवणारे असे खांब व्हिएन्नात खरोखर आहेत, पण आम होफमध्ये रीडला हवा होता तिथे नव्हता. म्हणजे सावली एकाची, चेहरा दुसऱ्याचा, दार एका गल्लीतलं, चौक भलतीकडचा आणि खांब लाकूडकामवाल्यांचा. गोधडीत कुणाच्या लुगड्याचा तुकडा कुणाच्या धोतराशेजारी येतो, तसं हे सगळं शेजारी शेजारी शिवलेलं आहे आणि टाका कुठे दिसत नाही.

टाका शोधायचा नाद मग सईलाही लागला. योझेफ्सप्लात्झला ती माझ्या पुढे चालत होती. हॅरीच्या घराचा पत्ता चित्रपटात १५, श्टिफ्टगासे असा सांगितला जातो. त्या नावाची गल्ली सातव्या जिल्ह्यात खरीच आहे. पण पडद्यावर दिसतं ते घर तिथे नाही, राजवाड्याला लागून असलेल्या या चौकात आहे. पॅलेस पालाविचिनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा वाडा प्रवेशद्वारावरच्या चार दगडी स्त्रियांमुळे चटकन ओळखू येतो; सज्जाचा भार त्यांच्या डोक्यावर दिलेला आहे. चौकाच्या मधोमध सम्राट दुसरा योझेफ घोड्यावर बसलेला आहे. अपघातानंतर हॅरीला उचलून या पुतळ्यापाशी नेलं, अशी साक्ष चित्रपटात देतात.

सईने वाड्याच्या दारापासून पुतळ्यापर्यंत चालून बघितलं. “इतकं अंतर नेलं म्हणजे दोघांना जड गेलं असणार. तिसरा लागलाच असेल.” रखवालदाराची साक्ष तिने अशी पावलांनी तपासली. मला तिचं कौतुक वाटलं. शेजारच्या श्टालबुर्गमध्ये स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे लिपित्सानर घोडे असतात. त्यांना बघायला जमलेल्या गर्दीला आमच्या या मोजमापाचा काहीच अर्थ लागत नव्हता.

काही जागा झटपट उरकल्या. हॉलीला हॅरीचा मित्र कुर्त्स भेटतो ते ‘कॅफे मोझार्ट’ ऑपेराजवळ आजही आहे, पण चित्रपटातलं कॅफे तिथलं नाही. नॉयर मार्क्ट या चौकात खुर्च्या-टेबलं मांडून ते तयार केलं होतं. हॅरीला पकडायला सापळा लावतात तो होहर मार्क्ट युद्धात फार पडला होता आणि नंतर सरळसोट नव्या इमारतींनी भरला. कारंज्यावरून तेवढी जागा पटते. मारिया आम गेश्टाडे या उंच, अरुंद चर्चच्या पायऱ्या मात्र जशाच्या तशा सापडल्या. त्या बघताना सई म्हणाली, “पायऱ्यांवर बॉम्ब पडला तरी पायऱ्याच राहतात.”

नकाशावर मी जुन्या चार हद्दी पेन्सिलीने आखून आणल्या होत्या. त्यांचा उपयोग शहराच्या मध्यापासून लांब गेल्यावर झाला. हॅरी लपतो सोव्हिएत हद्दीत. अंत्यविधी होतो तो झिमरिंगचा भाग ब्रिटिशांकडे. श्टिफ्टगासे अमेरिकनांकडे. चित्रपटातला माणूस दोन दृश्यांच्या मधल्या कापात ज्या सीमा पार करतो, तिथे खऱ्या व्हिएन्नाकरांना ओळखपत्र दाखवावं लागे. आज त्या जागी ट्रामचा थांबा असतो, नाहीतर बेकरी.

आखणी लागू नव्हती ती फक्त जमिनीखाली. गटारांना हद्दी ठाऊक नव्हत्या, म्हणून हॅरी त्यांतूनच ये-जा करतो आणि शेवटी तिथेच सापडतो. शेवटचा पाठलाग घडतो त्या भागात आता महापालिकेचे लोक माणसं घेऊन जातात. कार्ल्सप्लात्झजवळच्या गिरार्डी पार्कमध्ये जमिनीत एक गोल झाकण आहे. त्याच्या त्रिकोणी पाकळ्या उघडल्या की खाली गोल जिना. डोक्यावर हेल्मेट, पुढे गटार विभागाचा माणूस. १८३०च्या सुमाराला आलेल्या पटकीच्या साथीनंतर वीन नदीच्या काठाने सांडपाण्याचे मोठे नळ बांधले, त्यांना अजून ‘कॉलऱ्याचे कालवे’ म्हणतात. वास येतो, पण मनाची तयारी केली होती तेवढा नाही. भिंतीवर चित्रपटाचे तुकडे दाखवतात आणि पडद्यावरचं पाणी व पायाखालचं पाणी यांचा आवाज एकमेकांत मिसळतो.

खाली उतरल्यावरही टाके सुटत नाहीत. वेल्सला गटारात काम करायला आवडत नव्हतं, त्यामुळे पाठलागाचा बराच भाग इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत गटार बांधून चित्रित केला. जाळीतून वर येऊन रस्त्यावरच्या हवेत चाचपडणारी हॅरीची बोटं आठवतात? ती खुद्द कॅरल रीडची आहेत. आमच्या वाटाड्याने हे सांगितल्यावर गटातली एक बाई चक्क हिरमुसली. मला उलट वाटलं. दिग्दर्शकाने स्वतःची बोटं जाळीतून काढावीत, इतकी त्या दृश्याची त्याला काळजी होती.

एक जागा मात्र मुळातच नाहीशी झाली आहे. हॅरीचे साथीदार एका मोठ्या पुलावर भेटतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे उंचावरून बघतो. तो डॅन्यूबवरचा राइशब्र्युके. युद्धातून बचावलेला शहरातला हा एकमेव डॅन्यूब पूल. सोव्हिएत ताब्याच्या काळात त्याला लाल सेनेचं नाव दिलं होतं. १ ऑगस्ट १९७६ रोजी, रविवारी पहाटे, तो एकाएकी कोसळला. पहाट होती म्हणून एकच माणूस दगावला. आजचा पूल १९८०चा, आणि त्याच्या पोटातून मेट्रो धावते. सई रोज त्या मेट्रोने कामाला जाते. पुलाचा हा इतिहास ऐकल्यावर ती म्हणाली, “आता उद्यापासून मला कशाला सांगितलंस असं होणार.” आम्ही त्या पुलावर उभं राहून जुन्या चौकटीशी काहीतरी जुळतंय का ते पाहिलं. नदीची रुंदी सोडता काहीच जुळलं नाही.

एकाहत्तर नंबरची ट्राम मध्यवर्ती दफनभूमीला जाते. १८७४ साली सुरू झालेली ही दफनभूमी जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर पसरली आहे. व्हिएन्नात राहणाऱ्यांपेक्षा इथे पुरलेल्यांची संख्या जास्त. हॅरीचा अंत्यविधी दोनदा होतो, दोन्ही वेळा इथेच. शेवटी त्याची मैत्रीण ॲना, वाट बघत थांबलेल्या हॉलीकडे न बघता पुढे निघून जाते. ग्रीनला शेवट गोड हवा होता, रीडने ऐकलं नाही आणि पुढे ग्रीननेच रीडचं बरोबर होतं असं मान्य केलं. ती झाडांची रांग नेमकी कुठली, यावर आमचं एकमत झालं नाही. सगळ्याच रांगा सारख्या आहेत आणि झाडं पंचाहत्तर वर्षांनी वाढली आहेत.

ज्या जागेने मला खरं काही दिलं, ती जागा सगळ्यांनाच माहीत आहे. प्राटर बागेतलं रीझनराड, म्हणजे मोठा पाळणा. १८९७चा, ६४.७५ मीटर उंच. १९४४मध्ये जळाला, १९४७मध्ये पुन्हा फिरू लागला. पण आधीच्या तीस डब्यांऐवजी भार झेपावा म्हणून पंधराच बसवले. हॅरी हॉलीला इथे भेटतो. डबा वर जातो, हॅरी दार उघडतो आणि खालच्या माणसांकडे बोट दाखवून विचारतो, की त्यातला एखादा ठिपका कायमचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का? एका ठिपक्यामागे वीस हजार पाउंड, तेही करमुक्त, मिळत असतील तर? वेल्सने त्या दृश्यात स्वतःच्या पदरची भर घातली, ती स्वित्झर्लंड आणि कुकूच्या घड्याळाची. त्या घड्याळांचं मूळ जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडचं, पण टाळ्या हॅरीलाच पडतात. डब्यातला संवाद स्टुडिओत चित्रित केला आणि खिडकीबाहेरची दृश्यं मागच्या पडद्यावर टाकली, हेही तज्ज्ञ सांगतात.

डबा सावकाश वर चढला. सगळ्यात वर गेल्यावर मी मुद्दाम खाली पाहिलं. ठिपके नव्हते. माणसं होती. एक बाई बाबागाडीचं छत्र नीट करत होती. एका पोराच्या हातातलं आइस्क्रीम पडलं आणि तो खाली बघत उभा राहिला, हेसुद्धा दिसलं. पासष्ट मीटरवरून माणूस लहान दिसतो, पण माणूसच दिसतो. हॅरीचं बोलणं इतकं फर्डं आहे, की आपणही पडद्यावर ठिपकेच बघतो. ते बोलणं टिकायला पाळणा आहे त्याहून बराच उंच लागला असता. हॅरीने ही उंची कधी तपासली नाही आणि सिनेमाघरातल्या खुर्चीवरून आपल्यालाही तपासता येत नाही. जागा प्रत्यक्ष बघण्याचा मला सापडलेला उपयोग एवढाच, पण पुरेसा आहे. दार कुठलं, पूल कुठला, हे जुळवण्यात मजा आहे. पण खुद्द जागेवर उभं राहिलं, की पात्र जे म्हणतं ते खरं आहे का, हेही पडताळता येतं. सईने पुतळ्यापर्यंत चालून रखवालदाराला खरं ठरवलं होतं. पाळण्याने हॅरीला खोटं ठरवलं.

शेवटी नाशमार्क्ट या बाजाराजवळच्या प्रेसगासेवर गेलो. तिथे ‘द थर्ड मॅन’चं खासगी संग्रहालय आहे, फक्त शनिवारी दुपारी उघडतं. आन्टोन काराशची झिथर तिथे ठेवली आहे. तारा छेडून वाजवायच्या या वाद्यावर, एकट्याने, काराशने अख्ख्या चित्रपटाचं संगीत केलं आणि गुत्त्यांत वाजवणारा हा माणूस जगभर गाजला. जुन्या प्रोजेक्टरवर चित्रपटाची दोन मिनिटं दाखवतात. पुढच्या दालनांत सिनेमा संपतो आणि ताब्यातल्या व्हिएन्नाचे कागद सुरू होतात.

तिथे सईने विचारलं, “मामा, सगळं झालं, पण ते मुलांचं हॉस्पिटल कुठे आहे?”

माझ्या यादीत ते नव्हतं. पोलीस अधिकारी हॉलीला बालरुग्णांच्या कक्षात नेतो, ते दृश्य अगदी छोटं. कॅमेरा खाटांमधली मुलं दाखवत नाही; वाकून बघणाऱ्या हॉलीचा चेहरा दाखवतो आणि एक नर्स कापसाचं अस्वल डोकं खाली करून टाकून देते. त्या कक्षाला कुणी विचारत येत नाही.

मला विचारायला हवं होतं, कारण मी पिंपरीचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची, म्हणजे आमच्याकडे जिला सगळे नुसतं एच. ए. कंपनी म्हणतात तिची, स्थापना १९५४ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने ती उभी केली, ती पेनिसिलिन देशातच बनावं आणि परवडावं म्हणून. बाबा तिथे कामाला होते. पेनिसिलिन वजनावर नाही, युनिटांवर मोजतात, हे मला शाळेच्या आधी घरी कळलं होतं. बाटलीत युनिटं कमी भरली तर औषध दिसायला तेच राहतं, पण जंतू मरत नाहीत. पोराला औषध दिलंय या समजुतीने आई-बाप निर्धास्त राहतात आणि आजार वाढतो. हॅरीने नेमकं हेच केलं होतं.

सईला मी तिथेच, काराशच्या झिथरसमोर, तिच्या आजोबांची ही गोष्ट सांगितली. तपासणीत युनिटं कमी निघाली तर अख्खी बॅच बाद. ती मोरीत जाताना कुणी हळहळत असेल, तर बाबा विचारायचे, यातली कुठली बाटली तुझ्या घरी नेशील? खालचा माणूस ठिपका आहे की कुणाचं पोर, हे ते फॅक्टरीच्या जमिनीवर उभे राहून ठरवत होते. त्यासाठी त्यांना पाळण्यात बसावं लागलं नाही.